डोंगर ओळखणाऱ्या मेंढ्या

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, स्कॉटलंडच्या सीमेला लागून कंब्रिया नावाचा डोंगराळ परगणा आहे. इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर, ९७८ मीटर उंचीचे स्कॉफेल पाइक, येथेच आहे.

हिमयुगात या डोंगरांवरून बर्फाच्या प्रचंड नद्या सावकाश घसरत गेल्या व त्यांनी दऱ्या खोल खरवडल्या. बर्फ वितळल्यावर तेथे पाणी साचून लांबट सरोवरे बनली. त्यांतील विंडरमिअर सुमारे १७ किलोमीटर लांब आहे. समुद्रावरून येणारे ढग डोंगरांना अडतात. त्यामुळे सीथवेट या चिमुकल्या वस्तीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा ओल्या, खडकाळ भूमीत धान्य पिकविणे कठीण. म्हणून येथील शेतकरी शतकानुशतके मेंढ्या पाळीत आला आहे.

येथील हर्डविक जातीची मेंढी मोठी काटक असते. जन्मतः काळे असणारे तिचे कोकरू वाढत्या वयाबरोबर करडे होते. दरीतील शेतांभोवती नुसते दगड रचून केलेले गडगे असतात. परंतु डोंगरमाथ्यावरील सामाईक कुरणांना बहुधा कुंपण नसते. मग निरनिराळ्या धन्यांचे कळप तेथे आपापल्या जागी कसे राहतात? कोकरू आईमागे चरता चरता आपल्या कळपाची हद्द ओळखू लागते आणि मोठेपणी तीच ओळख आपल्या पिलांना देते. म्हणून शेत दुसऱ्याच्या हाती गेले, तरी पुष्कळदा कळप त्या शेताबरोबरच राहतो.

२००१ साली लाळ-खुरकुताची साथ आली. ती आवरण्यासाठी कंब्रियात असंख्य मेंढ्या माराव्या लागल्या. दुसरीकडून नव्या मेंढ्या विकत आणता येत होत्या. पण त्यांना डोंगराची ओळख कोठून असणार? जेथे कळप नाहीसे झाले, तेथे तात्पुरती कुंपणे घालून, राखण करून नव्या मेंढ्यांना त्यांची हद्द शिकवावी लागली.

२०१७ साली येथील सरोवरांच्या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान मिळाला. तो केवळ सृष्टिसौंदर्याचा नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मेंढपाळीचाही गौरव आहे. डोंगर आपोआप टिकतात. त्यांची ओळख मात्र प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला द्यावी लागते.