हजेरी यंत्राने घ्यावी, निकाल कोणी द्यावा?

  आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी कंपन्यांच्या एचआर विभागात कशाला डोकं घालावं? पण विषय आपल्या दारात आला आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामं शिरपूर, शहादा, चोपडा इथल्या घराघरात येऊन बसली. पोरगा माळ्यावरच्या खोलीत, कंपनी जवळजवळ चारशे किलोमीटरवर. काहींचं हायब्रिड, म्हणजे आठवड्यातले काही दिवस कचेरीत, काही दिवस घरी. त्याची हजेरी कोण घेतं? रजा कोण मंजूर करतं? काम नीट झालं की नाही, हे कोण ठरवतं? बऱ्याच ठिकाणी याचं उत्तर एकच: सॉफ्टवेअर.

हे चांगलं की वाईट, असा सरसकट प्रश्न मी विचारणार नाही. त्याला उत्तर नाही. एचआरचं ऑटोमेशन म्हणजे एक गोष्ट नव्हे, तीन वेगळ्या गोष्टी एका डब्यात भरल्या आहेत. पहिली नोंद, दुसरी नियम लावणं, तिसरी अनुमान. या तिन्ही वेगळ्या केल्या की बराच गोंधळ निवळतो.

त्याआधी थोडा इतिहास. आपल्या खानदेशात अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी गिरणी काढली आणि त्याच शेठजींनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिरही उभं केलं. भोंगा आणि न्यायशास्त्र एकाच गावात नांदले, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तर त्या काळच्या गिरण्यांमध्ये, मुंबईत तर फारच, कामावर कोणाला घ्यायचं हे मुकादम ठरवायचा. बदली कामगार सकाळी फाटकाशी उभा राहायचा. मुकादमाची मर्जी असली तर आत, नाही तर घरी. १९३१ साली व्हिटली आयोगाचा अहवाल आला, भारतातल्या कामगारांच्या स्थितीवरचा. त्यात या मुकादमीवर, तो घेत असलेल्या दस्तुरीवर स्पष्ट टीका आहे. उपाय काय सुचवला? भरतीचं काम मुकादमाच्या हातून काढा आणि कामगार अधिकारी नेमा. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं.

म्हणजे बघा, आज आपण ज्याला एचआर म्हणतो, त्याचं एक मूळ इथे आहे. लहरीपणा जावा म्हणून नियम आले, आणि नियमाबद्दल गाऱ्हाणं सांगायला एक माणूस नेमला गेला. या दोन्ही गोष्टी जोडीने आल्या. आजच्या यंत्राने पहिली गोष्ट पक्की केली. दुसरीचं काय झालं, हा आजचा खरा प्रश्न.

आता पहिला प्रकार: नोंद. पगारपत्रक, रजेचा हिशोब, पीएफची वर्गणी, रुजू होताना द्यायची कागदपत्रं, वर्षाअखेरचा फॉर्म सोळा. हे काम यंत्राला द्यावं, खुशाल द्यावं. पूर्वी एका दाखल्यासाठी माणूस तीन खेपा घालायचा आणि साहेब जेवायला गेलेले असायचे. आता शिरपुरात बसून पगाराची पावती दोन मिनिटांत मिळते. पीएफला २०१४ पासून एक कायमचा क्रमांक मिळाला, नोकरी बदलली तरी तोच. यंत्र जात बघत नाही, आडनाव बघत नाही, दस्तुरी मागत नाही. मुकादमाच्या आठवणीने गहिवरून जायचं कारण नाही, मंडळी. ज्याने फाटकाशी ताटकळून बघितलं त्याला विचारा.

पण नोंद म्हणजे सत्य, असंही समजू नका. रोजगार हमीचं उदाहरण घ्या. ही योजना आपल्या महाराष्ट्राने देशाला दिली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर सुरुवात, १९७७ चा कायदा. तिथला हजेरीपट हा कायम वादाचा विषय. खोटी नावं घुसतात म्हणून केंद्राने मनरेगासाठी मोबाइलवर हजेरी आणली. कामाच्या जागेवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो टाकायचा, सोबत जागेची नोंद आपोआप जाते. जानेवारी २०२३ पासून ती सर्वत्र सक्तीची झाली. आणि ८ जुलै २०२५ ला ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं, की फोटोचाच फोटो काढून टाकला जातो, कामाशी संबंध नसलेले फोटो येतात. मग उपाय काय सांगितला? ग्रामपंचायतीच्या पातळीवर सगळे, शंभर टक्के फोटो माणसाने तपासावेत. म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणलं, आणि यंत्रावर नजर ठेवायला पुन्हा माणूस! यात हसण्यासारखं काही नाही. दूर बसलेल्या माणसाची हजेरी घेणं मुळातच अवघड आहे, एवढंच यातून दिसतं.

दुसरा प्रकार: नियम लावणं. इथे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचं उदाहरण बघू, कारण कंपनी मुंबईची आणि आपल्याकडच्या अनेक घरांतली मुलं तिथे आहेत. २०२० मध्ये या कंपनीने जाहीर केलं होतं, की २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त लोकांना कचेरीत बसण्याची गरज पडणार नाही. मग वारं फिरलं. ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत या, असं झालं. आणि एप्रिल २०२४ मध्ये बातम्या आल्या, की तिमाहीचा बदलता पगार हजेरीला जोडला आहे. साठ टक्क्यांच्या खाली हजेरी असेल तर काहीच नाही. साठ ते पंचाहत्तर असेल तर निम्मा. पंचाहत्तर ते पंच्याऐंशी असेल तर तीन चतुर्थांश. त्यावर पूर्ण.

धोरण योग्य की अयोग्य, ते कंपनीने आणि कर्मचाऱ्यांनी ठरवावं. मला फक्त गणित दाखवायचं आहे. समजा तिमाहीत कामाचे पासष्ट दिवस आहेत. छप्पन्न दिवस आलात तर हजेरी ८६ टक्के, पैसे पूर्ण. पंचावन्न दिवस आलात तर ८४.६ टक्के, पाव हिस्सा गेला. एका दिवसाचा फरक. तो एक दिवस कसा चुकला? आई दवाखान्यात होती म्हणून, की कंटाळा आला म्हणून? निव्वळ टक्केवारी मोजणाऱ्या नियमाला दोन्ही सारखेच.

ॲरिस्टॉटलने ही अडचण तेवीसशे वर्षांपूर्वी ओळखली होती. तो म्हणतो, कायदा सर्वसाधारण असतो आणि प्रसंग विशिष्ट असतो, म्हणून नियमाला कधी कधी दुरुस्ती लागते. त्याने दाखला दिला लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांचा. ते शिशाची पट्टी वापरायचे. दगड जसा वाकडातिकडा असेल तशी पट्टी वाकायची. लोखंडी पट्टीने दगड मोजता येत नाही, असं नाही. पण वेड्यावाकड्या दगडावर ती फक्त टेकते, बसत नाही. ती वाकवायला हात लागतो. त्या हाताला आपण अधिकारी म्हणतो, आणि त्याच्या त्या कामाला तारतम्य. तारतम्य म्हणजे वशिला नव्हे हं! वशिल्यात कारण लपवतात. तारतम्यात कारण लिहून ठेवतात.

आता तिसरा प्रकार, सगळ्यात नाजूक. अनुमान. घरी बसलेला माणूस काम करतोय का, हे यंत्राला दिसत नाही. त्याला दिसतं काय? माऊस हलला, कळा दाबल्या गेल्या, खिडकी उघडी आहे, कॅमेऱ्यात चेहरा आहे. त्यावरून ते ठरवतं: काम चालू, काम बंद.

इथे आपलं न्यायशास्त्र आठवा. शिरपुराहून उत्तरेला सातपुडा दिसतो. डोंगरावर धूर दिसला की आपण म्हणतो, तिथे आग आहे. आग दिसलेली नाही, धुरावरून काढली. हे अनुमान बरोबर कधी? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हा नियम पक्का असेल तेव्हा. याला व्याप्ती म्हणतात. आता यंत्राची व्याप्ती तपासू. जिथे माऊस हलतो तिथे काम असतं का? अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कारण कळा दाबल्याचा त्यांनी नुसता देखावा उभा केला होता. माऊस आपोआप हलवणारी यंत्रं बाजारात विकत मिळतात. म्हणजे धूर आहे, आग नाही. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात, म्हणजे साध्य नसतानाही हजर होणारा, भरकटलेला हेतू.

आता उलटं बघा. माऊस हलत नाही म्हणून काम नाही, असं म्हणता येईल का? तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. हा शास्त्रातलाच दाखला. धुराला ओलं सरपण लागतं, त्याशिवाय आग असूनही धूर निघत नाही. पोरगा खिडकीबाहेर बघत बसलाय, आई विचारते, काय करी राहिना रे भो? तो म्हणतो, काम. आईला पटत नाही. पण प्रोग्राममधली चूक त्याच्या डोक्यात त्याच वेळी सुटत असते. आईला निदान विचारता तरी येतं. यंत्र विचारत नाही, लाल खूण करून मोकळं होतं.

आणि घरातल्या घरात नजर ठेवण्याला मर्यादा आहे, हे न्यायालयांनीही म्हटलं आहे. नेदरलँड्समध्ये एक माणूस अमेरिकेतल्या चेटू या कंपनीचं काम घरून करायचा. दिवसभर कॅमेरा चालू ठेव म्हणाले, तो नाही म्हणाला, त्याला काढलं. २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते काढणं चुकीचं ठरवलं आणि सुमारे पंचाहत्तर हजार युरो द्यायला लावले. हा माझ्या खासगी आयुष्यावर घाला आहे, हे त्याचं म्हणणं न्यायालयाला पटलं.

मग करायचं काय? न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवून द्यायचं असेल तर पाच पायऱ्या सांगतात. प्रतिज्ञा: डोंगरावर आग आहे. हेतू: कारण धूर आहे. उदाहरण: जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. उपनय: तसाच धूर इथे आहे. निगमन: म्हणून आग आहे. आता कर्मचाऱ्याला येणारा मेल बघा. 'आपली उत्पादकता अपेक्षेपेक्षा कमी आढळली आहे.' संपलं. निगमन आलं, हेतू नाही, उदाहरण नाही. ज्याला हेतूच सांगितला नाही, तो खंडन कशाचं करणार? माझ्या मते खरा अन्याय इथे आहे. यंत्र चुकतं यात नाही, माणूसही चुकतो. अन्याय यात आहे, की त्या चुकीशी वाद घालण्याची सोयच ठेवलेली नाही.

युरोपात हे कायद्यात आणलं आहे. मे २०१८ पासून लागू झालेल्या त्यांच्या माहिती-संरक्षण नियमांचं बाविसावं कलम सांगतं, की ज्याचा माणसावर गंभीर परिणाम होतो असा निर्णय निव्वळ यंत्राने घेऊ नये. काही अपवाद आहेत, पण त्यातल्या बहुतेकांत माणसाकडे दाद मागायचा, आपली बाजू मांडायचा हक्क राहतो. आपला २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यंत्राच्या निर्णयाबद्दल असा हक्क देत नाही. उलट नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरताना संमतीतून सूट मिळते. मात्र ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय घ्यायचा ती अचूक आणि पूर्ण असावी, अशी जबाबदारी त्याच कायद्याने टाकली आहे. तो धागा लहान आहे, पण हातात धरण्यासारखा आहे.

कोणी म्हणेल, सर, हजारो माणसं असलेल्या कंपनीत प्रत्येकाचं ऐकायला वेळ कोणाला आहे? रास्त शंका. पण मग मी विचारतो, पगारपत्रकं, रजेचे अर्ज, दाखले हे सगळं यंत्राने केल्यावर एचआरच्या माणसांचे जे तास वाचले, ते गेले कुठे? ते ऐकण्यात घाला. मोजणी यंत्राकडे, सुनावणी माणसाकडे. ऑटोमेशनचा खरा नफा तो आहे. वाचलेल्या तासांच्या बदल्यात माणसंच कमी केली, तर मुकादम गेला आणि कामगार अधिकारीही गेला. फाटक तेवढं उरलं.

आणि घरून काम करणाऱ्या मुलामुलींना सांगतो. वीज गेली, नेट गेलं, की त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. नोंदीला नोंदीनेच उत्तर देता येतं. यंत्राचा निकाल आला की घाबरू नका, रागावू नका, तीन गोष्टी लेखी विचारा. कोणत्या नियमाने? कोणत्या माहितीवरून? आणि माझं म्हणणं कोण ऐकेल, त्याचं नाव काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं यंत्रही देऊ शकेल. तिसऱ्यासाठी माणूसच लागतो.

ज्यांच्या हातात धोरण लिहिणं आहे, असेही काही जण ऐकत असतील. त्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर विकत घ्यायला बसाल, तेव्हा ते किती काम वाचवतं हे विचाराच, पण चुकीचा निकाल मागे कसा घेतं, हेही विचारा. विकणारा गडबडला, तर काय समजायचं ते तुम्हाला कळेल.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.