बेटावरील घराची राखण

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांच्या मुखाशी वस्ती असलेली काही लहान बेटे आहेत. मुंबई बंदरातील घारापुरी, वसईच्या खाडीतील पाणजू, अर्नाळ्याच्या समुद्रातील किल्ल्याभोवतीचे गाव ही त्यांपैकी काही. शेजारच्या गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटाची परिस्थितीही पुष्कळशी अशीच आहे. अशा ठिकाणी घरफोडीपासून संरक्षण हा विषय शहरातल्यापेक्षा निराळ्या रीतीने पाहावा लागतो. शहरात शेजारी अनोळखी असतो, पण पोलीस ठाणे जवळ असते. बेटावर नेमके उलट घडते. प्रत्येक माणूस ओळखीचा असतो आणि मदत मात्र पाण्यापलीकडे असते. म्हणून बेटावरील घराची राखण दारापाशी सुरू न होता धक्क्यापाशी सुरू होते.

चोरट्याला बेटावर यावयाचे तर होडी हवी आणि चोरीचा माल घेऊन परतावयाचे तरीही होडीच हवी. उतरण्याजोग्या जागा मोजक्याच असतात आणि त्या सर्व वेळ उपयोगी पडत नाहीत. घारापुरीची वस्ती शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर अशा तीन ठिकाणी आहे. ह्या नावांतच बंदर आहे, ही गोष्ट बोलकी आहे. सायंकाळची शेवटची लाँच सुटल्यानंतर पर्यटकांना तेथे मुक्कामाची मुभा नाही. त्यामुळे रात्री दिसणारी अनोळखी होडी आपोआप लक्ष वेधून घेते. दिवाडीला गोवा शासनाच्या फेरीबोटीतून जावे लागते. कोण आले, कोण काय घेऊन गेले, हे फेरीवरील कर्मचाऱ्यांच्या आणि रोजच्या उतारूंच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

भरती-ओहोटीचे ज्ञान कोळी समाजाला उपजत असते. त्याचा उपयोग राखणीसाठी मात्र फारसा केला जात नाही. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती साधारणपणे दुपारी बारा आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे पूर्ण होते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते आणि मध्यरात्री ओहोटीमुळे खाडीच्या काठी गुडघाभर चिखल उघडा पडतो. त्या चिखलातून ओझे घेऊन जाणे कठीण असते. अमावास्येच्या मध्यरात्री अंधार आणि भरलेले पाणी एकत्र येतात. होडी थेट काठाला लागू शकते आणि ती कोणाला दिसत नाही. ज्या गावाला महिन्यातील तीसही रात्री पहारा ठेवणे शक्य नाही, त्याने निदान अमावास्येच्या अलीकडच्या व पलीकडच्या दोन-दोन रात्री धक्क्यावर माणसे ठेवावीत. थोड्या माणसांत अधिक काम होण्याचा हा मार्ग आहे.

घर केव्हा ओस पडते

चोरी बहुधा रिकाम्या घरात होते. शासनाने घातलेली पावसाळी मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै असते. त्या काळात पुरुष मंडळी घरी असतात. ऑगस्टपासून होड्या दर्यावर जातात, पहाटे स्त्रिया मासळी घेऊन बाजार गाठतात आणि घरात वृद्ध व मुले एवढीच राहतात. लग्नसराईत हळदीच्या रात्री तर अख्खा पाडाच एका मांडवात असतो. त्या रात्री मागल्या आळीत दोन माणसे ठेवण्याची प्रथा पाडल्यास कोणाच्या आनंदात उणे पडणार नाही. त्यांचे जेवण मांडवातून पोचवावे म्हणजे झाले.

याहून अवघड प्रश्न कायमच्या बंद घरांचा आहे. कोकणातील अनेक घरे गणपती आणि शिमग्यापुरती उघडतात. दिवाडीवर परदेशी गेलेल्या कुटुंबांची मोठी घरे कुलूपबंद असतात. वाढलेले गवत, अंगणात साचलेला पाला आणि दारावर लोंबणारे मोठे कुलूप ह्या तीन गोष्टी घर रिकामे असल्याचे लांबूनच सांगतात. मालकाने एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी, आठवड्यातून एकदा खिडक्या उघडाव्यात, अंगण झाडून घ्यावे, आणि ह्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा. फुकटची राखण फार दिवस टिकत नाही.

दार, कौले आणि खारा वारा

चोर कुलूप क्वचितच फोडतो, तो कोयंडा उचकटतो. जुन्या दारांना कोयंडा दोन-चार लहान स्क्रूंनी बसवलेला असतो. खाऱ्या हवेत ते गंजतात, आणि भोवतीचे लाकूडही पाण्याने कुजते. अशा दाराला पाचशे रुपयांचे कुलूप लावले तरी त्याची किंमत कुजलेल्या लाकडाएवढीच राहते. कोयंडा व बिजागऱ्या आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून नट आतील बाजूस घट्ट करावेत आणि ते न गंजणाऱ्या पोलादाचे वा जस्ताचा मुलामा दिलेले असावेत. कुलूप पितळेचे घ्यावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर त्यात तेल घालावे. रात्री घरात माणसे असताना जुन्या पद्धतीचा लाकडी अडसर आजही उत्तम काम देतो.

पुढचे दार भक्कम आणि मागीलदारी नुसती कडी, ही चूक सर्रास आढळते. पडवीवरून चढून मंगलोरी कौले सरकवणे तर त्याहून सोपे असते. कौलांखाली लोखंडी जाळी किंवा फळ्यांचे तक्तपोशी छत असल्यास हा मार्ग बंद होतो. सर्व घराला ते परवडत नसेल, तर निदान ज्या खोलीत कपाट आहे तेवढीला करावे. शिडी, पहार आणि कोयता रात्री अंगणात राहू देऊ नयेत. चोराने हत्यारे होडीतून आणण्याची गरज त्यामुळे उरत नाही.

प्रकाशाचेही महत्त्व आहे. घारापुरीला समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून फेब्रुवारी 2018 मध्ये वीज मिळाली. तत्पूर्वी तेथे सायंकाळी काही तास जनित्र चाले आणि नंतर काळोख असे. आता धक्क्यावर व पाणवठ्याच्या वाटेवर दिवे लावता येतात. वादळात वीज गेली तर उपयोगी पडावेत म्हणून त्यांपैकी एक-दोन सौर असावेत. कॅमेरे बसवावयाचे झाल्यास ते घराघरांवर न बसवता धक्क्यावर बसवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मात्र खाऱ्या हवेत त्यांची निगा राखण्याची तरतूद ग्रामपंचायतीने आधी करावी. बंद पडलेला कॅमेरा गावाला खोटा धीर देतो.

दागिने घरात कमीत कमी ठेवावेत हे खरे, परंतु प्रत्येक कार्यासाठी लाँचने बँकेत जाणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेच्या हलगर्जीपणामुळे लॉकरमधील वस्तू चोरीस गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंत आहे. घरी राहणाऱ्या दागिन्यांची छायाचित्रे व पावत्या, होडीच्या इंजिनाचा क्रमांक आणि मोबाइलचा आय.एम.ई.आय. क्रमांक लिहून त्याची एक प्रत बेटाबाहेरील नातलगाकडे ठेवावी. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव कोरण्याची आजीच्या काळातील रीत केवळ हौस नव्हती. माल सापडल्यावर तो कोणाचा, हे त्या अक्षरांनीच ठरते.

पहारा आणि अफवा

गावाची राखण ही ग्रामपंचायतीच्या कामांत गणलेली आहे. पोलीस पाटील हे पद महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 नुसार आहे. किनारपट्टीवर सागर रक्षक दलाचे स्वयंसेवकही असतात. पहाऱ्याची यादी पोलीस पाटलांनी करावी, ती पोलीस ठाण्याला द्यावी, आणि प्रत्येक गटाजवळ विजेरी, शिटी व भरलेला मोबाइल असावा. तातडीच्या मदतीसाठी 112 आणि समुद्रातील संशयित हालचालींसाठी 1093 हे क्रमांक शाळेतील मुलांनाही पाठ असावेत. मदत येण्यास वेळ लागणार, हे गृहीत धरून पहिला दूरध्वनी लवकर करावा.

पहारेकऱ्यांचे काम पाहणे आणि कळवणे एवढेच आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अफवेमुळेच दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी गावाला वाटत होते की आपण आपले संरक्षण करीत आहोत. वाट चुकलेली किंवा इंजिन बंद पडलेली होडी रात्री काठाला लागू शकते. तिच्यातील माणसांना उजेडात बसवावे, पाणी द्यावे आणि पोलिसांना कळवावे.

संशयाचा दुसरा प्रकार गावातल्या गावात घडतो. पाऊणशे घरांच्या वस्तीत चोरी झाली की दुसऱ्या दिवशी एखाद्या गरीब घराकडे बोटे वळतात. नारळ फोडून, तांदूळ चारून किंवा देवाला कौल लावून चोर ठरवण्याचे प्रकार पूर्वी होत. असे ठरलेले नाव पुढे खोटे निघाले, तरी ते घर पाणवठ्यावर एकटे पडते. ह्या बाबतीत शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचा शब्द गावात मानला जातो. नाव घेण्यापूर्वी पुरावा हवा, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पुरावा टिकवणे हे मुख्यतः पहिल्या तासाचे काम आहे. फोडलेल्या घरात कोणी शिरू नये, कपाटाला हात लावू नये, धक्क्यावरील पावलांचे ठसे भरतीने पुसले जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत. रात्री कोणत्या होड्या जागेवर नव्हत्या, हेही टिपून ठेवावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते, मात्र तक्रारदाराने तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करणे आवश्यक आहे. समुद्र खवळला असता त्याच दिवशी पलीकडे जाणे शक्य नसलेल्या कुटुंबाला ही सोय मोलाची आहे. हद्द कोणतीही असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात खबर देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीला भारतीय न्याय संहितेत 14 वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

जप्त केलेला माल वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहतो, म्हणून तक्रारच नको, असे अनेक जण म्हणत. नव्या संहितेनुसार न्यायालयासमोर आलेल्या मालाचे वर्णन 14 दिवसांत तयार करून त्याची छायाचित्रे घ्यावयाची असतात आणि त्यानंतर 30 दिवसांत तो कोणाकडे द्यावा याचा आदेश व्हावयाचा असतो. त्या वेळी जुनी छायाचित्रे, पावती आणि भांड्यावरचे नाव दाखवता आले पाहिजे.