मजुरांच्या मागे चालणारी मिनिस्ट्री

या संस्थेची सुरुवात पाळणाघरातून झाली. १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड या भागात, फळं आणि भाज्या डबाबंद करणारे कारखाने हंगामात जोरात चालत. तोडणीला आणि कारखान्यात कामाला बाहेरगावाहून कुटुंबंच्या कुटुंबं येत. आईबाप पहाटे कामावर गेले की मुलांना बघणारं कोणी नसे. प्रॉटेस्टंट चर्चमधल्या बायकांच्या एका परिषदेने या मुलांसाठी पाळणाघरं काढली. हे काम पसरत गेलं आणि हंगामाबरोबर फिरणाऱ्या मजुरांची ही सेवा ‘मायग्रंट मिनिस्ट्री’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे चाळीसेक वर्षांनी तिची कॅलिफोर्नियातली शाखा अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या शेतमजूर संपात उतरली. तिचे पाद्री कोठडीत गेले, देणगीदारांनी हात आखडता घेतला आणि १९७१ साली तिचीच ‘नॅशनल फार्म वर्कर मिनिस्ट्री’ झाली. ती आजही काम करते आहे.

गरिबांना कपडे, औषधं, सुट्टीत मुलांसाठी बायबलची शाळा हे करणाऱ्या संस्था सगळ्याच धर्मांत आहेत आणि त्यांचं मोल कमी नाही. या मिनिस्ट्रीबद्दल लिहावंसं वाटतं ते तिने एक गोष्ट जाणूनबुजून सोडली म्हणून. मजुरांच्या वतीने बोलण्याचा मान तिने सोडला. मजूर स्वतः बोलतील, ते ठरवतील ते आपण करू, हे तिने पत्करलं. धर्मसंस्थेला हे फार जड जातं.

शेतमजुरांना बरोबरीचे हक्क हवेत, असं म्हणायची वेळ का आली, हे कायद्याच्या पुस्तकात सापडतं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत १९३५ साली वॅग्नर कायदा आला. कामगारांना संघटना बांधण्याचा आणि मालकाशी सामूहिक बोलणी करण्याचा हक्क मिळाला, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. १९३८ साली किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा झाला, त्यातही शेतमजूर बाहेरच राहिले. दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांवाचून हे कायदे होणार नव्हते आणि त्या खासदारांना मळ्यांवर राबणारे काळे मजूर होते तसेच स्वस्त आणि मुके हवे होते. दक्षिणेसाठी ठेवलेली ही पळवाट कॅलिफोर्नियाच्या मळेवाल्यांना आयती मिळाली. तिथे राबत होते मेक्सिकन आणि फिलिपिनो. संप केला तर मालकाने बोलणी करायलाच हवीत असं बंधन नाही, कामावरून काढलं तर दाद मागायला जागा नाही. त्यात १९४२ पासून १९६४ पर्यंत सरकारच मेक्सिकोतून कराराने मजूर आणत होतं, त्यामुळे कोणी मान वर केली तर त्याच्या जागी दुसरा तयार.

मान वर करणं तिथे अक्षरशः अवघड होतं. लेट्यूस आणि बीटच्या शेतात विरळणी आणि खुरपणीला फूटभर दांड्याची कुदळ देत. तिने काम करायचं तर कमरेत पूर्ण वाकावं लागतं, आणि दिवसभर वाकूनच राहावं लागतं. लांब दांड्याच्या कुदळीनेही तेच काम होतं. पण आखूड दांड्याचा मुकादमाला एक फायदा होता: कोण सरळ उभा राहिला, म्हणजे कोण थांबला, हे त्याला लांबून दिसायचं. या अवजाराने हजारो माणसांच्या पाठी कायमच्या निकामी केल्या. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी यायला १९७५ साल उजाडावं लागलं.

१९६१ साली कॅलिफोर्निया मायग्रंट मिनिस्ट्रीचे संचालक म्हणून वेन ‘ख्रिस’ हार्टमायर आले. प्रेस्बिटेरियन पाद्री, न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधल्या गरीब वस्तीत काम केलेले. त्यांच्या आधीच्या संचालकांनी एक चांगली वहिवाट पाडून ठेवली होती. मिनिस्ट्रीची माणसं ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन’ या मेक्सिकन-अमेरिकनांच्या संघटनेत वस्ती कशी बांधायची हे शिकायला जात. त्या संघटनेची धुरा तेव्हा सेझार चावेझ यांच्याकडे होती. १९६२ साली चावेझ तिथून बाहेर पडले आणि डेलानो गावात शेतमजुरांची संघटना बांधू लागले. त्यांच्याकडे पैसा नव्हता, कचेरी नव्हती. जिम ड्रेक नावाचा तरुण पाद्री मिनिस्ट्रीत नुकताच लागला होता. हार्टमायर यांनी त्याला चावेझ यांच्याबरोबर फिरायला पाठवलं. गाडी ड्रेकची, पेट्रोल मिनिस्ट्रीच्या खात्यावर, आणि गावोगाव बैठका संघटनेच्या. ३० सप्टेंबर १९६२ रोजी फ्रेझ्नो शहरात संघटनेची स्थापनासभा झाली. लाल झेंड्यावरचा काळा गरुड तिथेच पहिल्यांदा फडकला.

हाताखाली शिकण्याचा हा काळ मला पुढच्या मोर्च्यांहून महत्त्वाचा वाटतो. शिकलेला, पगारी, गोरा पाद्री एका शेतमजुराचा उमेदवार होऊन राहतो, ही त्या काळच्या चर्चमध्ये सरळ गोष्ट नव्हती. ड्रेक यांनी ते मनापासून केलं. १९६५ च्या उन्हाळ्यात त्याचं फळ दिसलं. तुलारे परगण्यात सरकारी गृहनिर्माण विभागाच्या दोन मजूर छावण्या होत्या, लिनेल आणि वुडव्हिल. मंदीच्या काळात तात्पुरत्या म्हणून ठोकलेल्या पत्र्याच्या खोल्या पंचवीसेक वर्षांनीही तशाच भाड्याने दिल्या जात होत्या. त्या भागातलं उन्हाळ्याचं ऊन नागपूर-चंद्रपूरची आठवण करून देणारं असतं. अशा खोल्यांचं भाडं वाढवल्यावर रहिवाशांनी ते भरायचं थांबवलं. ड्रेक, मिनिस्ट्रीचेच डेव्हिड हेवन्स आणि संघटनेचे गिल्बर्ट पडिया या लढ्यात त्यांच्याबरोबर होते.

मग ८ सप्टेंबर १९६५ आला. डेलानोतल्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली द्राक्षमळ्यांत संप पुकारला. मेक्सिकन आणि फिलिपिनो यांना एकमेकांविरुद्ध वापरण्याची मळेवाल्यांची जुनी रीत होती. त्यामुळे चावेझ यांची संघटना काय करते याकडे सगळ्यांचे डोळे लागले. १६ सप्टेंबरला डेलानोच्या आवर लेडी ऑफ ग्वादालूपे चर्चच्या सभागृहात सभा भरली आणि संपात उतरायचं ठरलं. मिनिस्ट्रीने आपली माणसं, गाड्या आणि पैसा संपाच्या बाजूने उभा केला.

गावातल्या चर्चमध्ये याने काय उलथापालथ झाली असेल याचा विचार करावा. दान टाकणारे मळेवाले, पंच मळेवाले, आणि मळेवाल्यांवर ज्यांचा धंदा चालतो ते दुकानदार आणि बँकवाले बाकांवर. डेलानोचे बरेच द्राक्षवाले क्रोएशियन आणि इटालियन वंशाचे, म्हणजे कॅथलिक. स्वतः कष्ट करून वर आलेली ही माणसं होती आणि चर्चच्या पैशाने चालणारा पाद्री आपल्या मळ्याच्या दाराशी संपाचा फलक धरून उभा राहतो, हे त्यांना विश्वासघातासारखं वाटलं. त्यांचा राग समजण्यासारखा होता. पण मजुरी सूर्यास्ताआधी चुकती करावी, ही आज्ञा ते ज्या ग्रंथाला मानत होते त्याच ग्रंथात आहे, आणि मजुराला आपली मजुरी किती हे विचारण्याचाही हक्क त्यांनी ठेवला नव्हता. त्या भागातल्या अनेक चर्च मंडळींनी मिनिस्ट्रीचा निधी थांबवला. कॅथलिक धर्मप्रांतही सुरुवातीला दूरच राहिला. साक्रामेंटोहून आलेल्या दोन फादरांनी छोट्या विमानातून मळ्यांवर घिरट्या घालून भोंग्यावरून संपाची हाक दिली, तेव्हा त्यांना वरिष्ठांनी आवरलं.

शेरिफने मळ्याच्या कडेला ‘उएल्गा’, म्हणजे संप, ही घोषणा द्यायलाच मनाई केली. हेवन्स यांना तर फक्त मोठ्याने वाचन केल्याबद्दल अटक झाली. संपफोड्यांवरचा, जॅक लंडनच्या नावावर चालत आलेला एक झणझणीत मजकूर ते वाचत होते. १९ ऑक्टोबरला मनाई मोडून घोषणा देणारे ४४ जण पकडले गेले. त्यांत चावेझ यांच्या पत्नी हेलन होत्या, हार्टमायर होते, इतर पाद्रीही होते. मजुराला पकडलं तर वर्तमानपत्रात ओळ येत नसे. पाद्र्याला पकडलं की देशभर बातमी होई. मिनिस्ट्रीला हे कळत होतं आणि तिने आपली ही पत बेधडक खर्चाला काढली.

१९६६ च्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात, १७ मार्चला, डेलानोहून साक्रामेंटोकडे पदयात्रा निघाली. सुमारे ३०० मैल चालून ती १० एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, राजधानीत पोचली. पुढे ग्वादालूपेच्या मातेची पताका, मागे झेंडे आणि फोड आलेले पाय. आपल्याकडच्या माणसाला दिंडीच आठवावी. संघटनेतल्या काहींना ती प्रतिमा पुढे नको होती. प्रॉटेस्टंट परंपरेत मरियेच्या प्रतिमेला असं स्थान नाही, तरी मिनिस्ट्रीचे पाद्री तिच्या मागे चालले, कारण मजुरांनी ती पुढे धरली होती. वाटेतच शेनली या बड्या मद्य कंपनीने संघटनेला मान्यता दिली.

१९६८ च्या फेब्रुवारीत संपकऱ्यांमध्ये हिंसेची भाषा वाढू लागली, तेव्हा चावेझ यांनी २५ दिवसांचा उपास केला. गांधी त्यांनी मन लावून वाचले होते, आणि उपास आणि बहिष्कार ही दोन्ही हत्यारं कुठून आली हे ते उघडपणे सांगत. १० मार्चला उपास सुटला त्या दिवशी रॉबर्ट केनेडी शेजारी होते. चावेझ यांना बोलण्याचं त्राण नव्हतं, म्हणून त्यांचं भाषण जिम ड्रेक यांनी वाचून दाखवलं. द्राक्षांवरचा बहिष्कार शहरांमध्ये पोचवण्याचं बरंचसं कामही ड्रेक यांच्याकडेच होतं. देशभरातल्या चर्चच्या तळघरांत, सिनगॉगांत, सिस्टरांच्या मठांत बहिष्काराच्या कार्यकर्त्यांना जेवण आणि झोपायला जागा मिळाली. कॅथलिक बिशपांनी १९६९ मध्ये समिती नेमली, तिने मध्यस्थी केली आणि २९ जुलै १९७० रोजी डेलानोच्या द्राक्षवाल्यांनी करारांवर सह्या केल्या.

ते करार संपल्यावर १९७३ मध्ये मळेवाल्यांनी टीमस्टर्स या दुसऱ्या संघटनेशी संधान बांधलं आणि सगळं पुन्हा पेटलं. त्या उन्हाळ्यात हजारोंनी अटका झाल्या, दोन संपकरी मारले गेले. कॅथलिक वर्कर चळवळीच्या डोरोथी डे ७५ वर्षांच्या असताना शेताकडेला घडीच्या स्टुलावर बसल्या आणि सिस्टर-फादरांबरोबर तुरुंगात गेल्या. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा आणि गुप्त मतदानाचा हक्क देणारा कायदा केला. १९३५ पासून बंद असलेलं दार एका राज्यापुरतं उघडलं.

इथे थांबलं तर गोष्ट खोटी होईल. मजुरांच्या मागे चालायचं हे खरं, पण पुढचा माणूस चुकला तर काय करायचं, याचं उत्तर मिनिस्ट्रीकडे नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चावेझ यांना जिथे तिथे फितुरी दिसू लागली. जुनी, निष्ठेने राबलेली माणसं संघटनेतून घालवली गेली. १९७७ मध्ये ते फिलिपिन्सचे हुकूमशहा मार्कोस यांचे पाहुणे होऊन आले, तेव्हा चर्चमधल्या अनेक पाठीराख्यांना धक्का बसला. हार्टमायर चावेझ यांच्याबरोबर राहिले, पुढे संघटनेच्याच कामात गेले आणि १९८९ साली त्यांनाही बाहेर पडावं लागलं. नेत्यावरच्या निष्ठेला मजुरांवरची निष्ठा समजण्याची ही चूक होती. तिची किंमत मजुरांनीही मोजली, कारण संघटना आतून पोकळ झाली आणि करार हातचे गेले.

पुढच्या पिढीचं काम मला म्हणूनच आशेचं वाटतं. फ्लोरिडातल्या इमोकली गावात १९९३ मध्ये टोमॅटो तोडणारे मजूर कॅथलिक चर्चच्या एका खोलीत जमू लागले आणि ‘कोअ‍ॅलिशन ऑफ इमोकली वर्कर्स’ उभी राहिली. तिने एका नेत्याभोवती फिरायचं टाळलं. तिथे मजुरी बादलीवर मिळे. एका बादलीत ३२ पौंड टोमॅटो. ती खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत पळायचं, वर फेकायची, टोकन घ्यायचं आणि पुन्हा ओळीत यायचं. एका बादलीचे तेव्हा ४०-५० सेंट, म्हणजे किमान मजुरीएवढी कमाई व्हायला दिवसात दोन टनांहून जास्त माल तोडायला लागे. त्यावर मुकादमाला बादली शीग लावून भरलेली लागे. त्या वरच्या मालाचा पैसा नाही, आणि शीग कमी पडली तर टोकन नाही.

मजुरांनी हिशेब मांडला: भाव मळेवाला ठरवत नाही, घाऊक घेणाऱ्या कंपन्या ठरवतात. म्हणून २००१ मध्ये त्यांनी टॅको बेल या फास्ट-फूड साखळीवर बहिष्कार पुकारला. मागणी पौंडामागे एक सेंट जादा, इतकीच. २००२ मध्ये प्रेस्बिटेरियन चर्चने बहिष्काराला पाठिंबा दिला. या चर्चचं मुख्यालय केंटकीतल्या लुईव्हिल शहरात आहे, आणि टॅको बेलची मालक कंपनी यम! ब्रँड्सचंही त्याच शहरात होतं. इमोकलीहून मोर्चा लुईव्हिलला निघाला की मजुरांच्या पाठीशी उभं राहायला चर्चची माणसं गावातच असत. नॅशनल फार्म वर्कर मिनिस्ट्रीही यात होती. मार्च २००५ मध्ये कंपनीने मागणी मान्य केली. २०१० मध्ये फ्लोरिडाचे बहुतेक टोमॅटोवाले मजुरांनी लिहिलेल्या आचारसंहितेला राजी झाले. त्यात सावली आहे, पिण्याचं पाणी आहे, हजेरीचं घड्याळ आहे, छळाची तक्रार करायला चोवीस तासांचा फोन आहे, आणि बादली काठोकाठ भरली की पुरे, शीग लावायची नाही, हेही लिहिलेलं आहे. २०११ पासून ज्यू रब्बींच्या तुकड्या ते काम बघायला आणि आपापल्या गावी सांगायला इमोकलीला येऊ लागल्या. त्यांना ‘टोमॅटो रब्बी’ म्हणतात.

देशाचा कायदा मात्र फारसा हलला नाही. किमान वेतन १९६६ मध्ये मोठ्या मळ्यांपुरतं लागू झालं. संघटनेचा हक्क आणि ओव्हरटाइम केंद्रीय कायद्यात शेतमजुराला आजही नाही. मग लढाई एकेका राज्यात. न्यूयॉर्कमध्ये रूरल अँड मायग्रंट मिनिस्ट्री या दुसऱ्या संस्थेने मजूर, चर्च आणि कामगार संघटनांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षं राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला, मोर्चे नेले. विधेयक मांडलं जाई आणि पडे. १७ जुलै २०१९ रोजी अखेर त्याचा कायदा झाला. संघटनेचा हक्क मिळाला, आठवड्यातून एक दिवस विसावा मिळाला. ओव्हरटाइम सुरू होण्याची मर्यादा मात्र आठवड्याला ६० तास ठेवली गेली, जिथे इतर कामगारांना ४० आहे. वेतन मंडळासमोर पुन्हा साक्षी झाल्या आणि ती मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरलं. २०२४ पासून ५६, २०२६ पासून ५२, असं दर दोन वर्षांनी चार तासांनी उतरत ती १ जानेवारी २०३२ रोजी ४० वर येईल.