पोटरी उडते, जीव घाबरतो



गेल्या हिवाळ्यात पाड्यावर घरभेटीला गेले असता एका बहिणीने लुगडे जरा वर करून पोटरी दाखवली. कातडीखाली मांस थरथर उडत होते. दोन महिने हेच चालले होते. कधी पोटरी, कधी पापणी, कधी अंगठ्याचे मूळ. नवरा गुजरातेत ऊसतोडीला गेलेला, मुकादमाची उचल केव्हाच खर्च झालेली. रात्री झोप नाही, छातीत धडधड. शेजारीण म्हणाली लकवा होणार, सासू म्हणाली बाहेरचे आहे. मी प्रार्थना केली आणि म्हणाले, "काही नाही ताई, होईल बरे."

ती माझी चूक झाली. मांस खरोखरच उडत होते; तिला ते डोळ्यांनी दिसत होते. "काही नाही" ऐकून तिला वाटले, ही आपल्यापासून काहीतरी लपवते.

होते असे: स्नायूला हुकूम देणारी बारीक नस कधीकधी आपोआपच चाळवते आणि तिच्या ताब्यातले थोडेसे तंतू आकसतात. पाय जागचा हलत नाही, पण फडफड जाणवते. धडधाकट माणसालाही हे होते. जागरण, कष्ट, फार चहा यांनी ते वाढते. काळजीनेही वाढते, कारण घाबरलेले शरीर पळायच्या तयारीत राहते. स्नायू ताठ राहून दुखू लागतात. मग माणूस पोटरीकडेच पाहत बसतो, आणि जितके पाहावे तितके जास्त जाणवते. उजवा डोळा लवला की शुभ की अशुभ हे आपण लगेच ठरवतो; पोटरीचेही तसेच झाले.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबू नये. हातापायातले बळ कमी होणे, चप्पल पायातून निसटणे, एक पोटरी बारीक होणे, बोलणे जड होणे, घास गिळता न येणे, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवावेच. वजन उतरत असेल व हात कापत असतील तर थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्यावी. आणि शेतात औषध फवारल्यावर मांस उडू लागले, सोबत घाम, लाळ, उलटी, दम लागणे असेल, तर ती विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि तत्काळ दवाखाना गाठावा. 108 ला फोन करावा. तिथे भगताकडे जाण्यात वेळ घालवू नये.

आशाताईंना सोबत घेऊन आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी तिला टाचांवर चालवले, चवड्यांवर चालवले, हातापायांचे बळ पाहिले. सगळे ठीक होते. ती दिवसाला सात-आठ वेळा कोरा चहा घेत होती, बहुतेकदा जेवणाऐवजी! तो दोनवर आणला.

एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत निजला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले होते, पण त्या दिवशी पाड्यावर आठवले नाही.

मन फार घाबरत असेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही. पाड्यावर रेंज नसते, म्हणून बाजाराच्या दिवशी मी तिला माझ्या फोनवरून लावून दिला. पोटरी अजून अधूनमधून उडते. ती आता तिच्याकडे पाहत बसत नाही. उचलीचा हिशेब मात्र बाकी आहे. नवरा परतला की तिघे बसून तो लिहून काढणार आहोत.