भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नका

पुणे-नाशकात छत्र्या वाळत घालायची वेळ येते तेव्हा चेन्नईचा खरा पावसाळा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. शोळिंगनल्लूरला तो जास्त जाणवतो, कारण ही वस्ती पाण्याच्या मधोमध आहे. पूर्वेला बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे थोड्याच अंतरावर समुद्र, तर दुसऱ्या बाजूला पळ्ळीकरणैची दलदल. वेळच्चेरी-तांबरमकडच्या तळ्यांचं जादा पाणी या दलदलीत उतरतं आणि ओक्कियम मडुवू या प्रवाहातून कालव्याकडे जातं. डिसेंबर २०१५ च्या पुरात तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस पडला होता. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळानंतर पळ्ळीकरणै, पेरुंबाक्कम भागातलं पाणी कित्येक दिवस हललं नाही.

याच भागात एल्कॉटचं आयटी सेझ आहे, मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत आणि त्यांच्यापायी येऊन राहिलेली मराठी घरंही आहेत. तळमजल्याच्या घरात सीपीयू जमिनीवर, एक्स्टर्नल डिस्क टेबलाच्या खालच्या खणात. पाणी शिरतं तेव्हा भिजतात त्या पहिल्यांदा याच वस्तू. त्यानंतरच्या तासाभरात घरात जे उपाय होतात, त्यांबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. पाण्यातून वाचू शकला असता असा मजकूर पुष्कळदा त्या उपायांनी जातो.

“भिजली तर तांदळात ठेवा, वाळली की लावून बघा”

हा सल्ला सगळ्यांत घातक आहे. डिस्क हवाबंद असते, पाणी आत जाणारच नाही, ही त्यामागची समजूत. प्रत्यक्षात साध्या हार्ड डिस्कच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं आणि त्यामागे धूळ अडवणारी गाळणी असते. ही गाळणी धूळ अडवते, पुराचं पाणी अडवत नाही. मोठ्या क्षमतेच्या, हेलियम वायू भरलेल्या डिस्क तेवढ्या पूर्ण बंद असतात. घरातली डिस्क बहुधा तशी नसते.

आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. वाचणारं हेड त्यांना टेकत नाही, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. आता पुराचं पाणी तबकडीवर वाळलं, तर मागे काय उरतं? गाळ, क्षार आणि समुद्राजवळ मीठ. केसाहून किती तरी बारीक असा तो थर हेडच्या वाटेत डोंगरासारखा उभा राहतो. अशा डिस्कला वीज दिली की हेड त्यावर आपटतं, चुंबकीय थर खरवडला जातो, आणि खरवडलेला मजकूर कुठल्याही प्रयोगशाळेत परत येत नाही.

म्हणून डेटा रिकव्हरीची कामं करणारे लोक ऐकायला उलटं वाटेल असं सांगतात. डिस्क वाळवू नका. हेअर ड्रायर नको, ऊन नको, तांदूळ नको. ओलसर आहे तशी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि लवकरात लवकर त्यांच्याकडे पोचवा. ते तबकड्या स्वच्छ खोलीत धुऊन घेतात. झाकण घरी उघडायचं नाही हे ओघाने आलंच.

याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २००३ साली कोलंबिया अंतराळयान कोसळलं. त्यातली ४०० मेगाबाइटची एक हार्ड डिस्क टेक्सासमध्ये कोरड्या तलावाच्या पात्रात काही महिन्यांनी सापडली. ती जळलेली होती, आत धूळ शिरली होती. तरीही तज्ज्ञांनी तबकड्या साफ करून नव्या यंत्रणेत बसवल्या आणि तिच्यावरचा सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळवला. तो मजकूर यानात झालेल्या झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाचा होता आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. आकाशातून पडलेली डिस्कही वाचू शकते, मात्र मधल्या काळात “चालू होते का बघू” म्हणून कोणी ती लावलेली नसावी.

एसएसडीचं गणित वेगळं. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे खरवडण्याचा प्रश्न नाही. पण ओल्या बोर्डाला वीज मिळाली की शॉर्ट होतो आणि खारं पाणी तांब्याच्या वाटा खात जातं. इथेही पहिला नियम वीज न देण्याचाच. बोर्ड धुण्याचं काम जाणकाराचं.

“उन्हाळ्यात डिस्क उकाड्याने मरते”

चेन्नईत हे कोणालाही पटेल. पण गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नेहमीच्या तापमानाच्या टप्प्यात उष्णता आणि बिघाड यांचा अपेक्षेएवढा संबंध दिसला नाही. मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटासेंटरांवर आधारलेला २०१६ चा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा आहे. त्यात डिस्कच्या बिघाडामागे हवेतला दमटपणा हा मोठा घटक निघाला, आणि बिघाड तबकड्यांपेक्षा जोडणी आणि कंट्रोलरच्या भागात अधिक होता. शोळिंगनल्लूरच्या खाऱ्या, दमट हवेत राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, एसीचा उपयोग थंडाव्याइतकाच हवा कोरडी करण्यासाठी होतो. दुसरी उलट बाजू अशी की वीस-बावीस अंशांच्या ऑफिसातून किंवा बसमधून बाहेर पडलं की इथल्या हवेचं बाष्प थंड धातूवर जमतं. चष्म्यावर धुकं येतं तेच बॅगेतल्या डिस्कवरही येतं. घरी पोचल्या पोचल्या ती लावू नका, बॅगेतच अर्धा तास राहू द्या.

बंद पडलेली डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याची जुनी युक्ती इथे का करू नये, तेही यातच आलं. फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर चेन्नईच्या हवेत मिनिटभरात पाणी धरतं, आतल्या तबकडीवरसुद्धा.

“स्मार्ट ओके दाखवतंय, म्हणजे डिस्क ठणठणीत”

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती दिसते. पण गूगलच्या त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार मुख्य स्मार्ट खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे वाईट खूण दिसली तर ती गंभीरपणे घ्यायची, पण खूण नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

त्या यादीत नुसतं हिरवं-पिवळं न पाहता क्रमांक बघायला शिका. ५, १९७ आणि १९८ या ओळींतला कच्चा आकडा वाढत असेल तर पृष्ठभाग खराब होतोय. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा जोडणीचा असतो, आणि दमट हवेत हे बरेचदा घडतं. साटा केबल बदलणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करावी. नवी डिस्क विकत घ्यायला रिची स्ट्रीटला जाण्याआधी एक नवी केबल लावून पाहा.

“एरर आली की चेक-डिस्क चालवा”

ही समजूत चांगल्या जाणत्या इंजिनिअर मंडळींतही दिसते. चेक-डिस्क हा फाइलसिस्टिमची घडी नीट बसवणारा प्रोग्रॅम आहे, तुमच्या फाइल वाचवणारा नव्हे. घडी बसावी म्हणून तो न जुळणाऱ्या नोंदी तोडतो आणि डिस्कवर लिहितो. वीज गेल्यामुळे गोंधळलेल्या निरोगी डिस्कवर तो उत्तम काम करतो. आचके देणाऱ्या डिस्कवर मात्र तासन्‌तास हेड फिरवून तो उरलंसुरलं आयुष्य संपवतो.

योग्य क्रम असा. डिस्क टक-टक आवाज करत असेल किंवा फिरतच नसेल, तर लगेच बंद करा. हे घरचं काम नाही. आवाज नाही, पण फाइल उघडताना अडकतेय, तर आधी संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. लिनक्सवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू यासाठीच बनलेला आहे. तो सोपे भाग आधी उचलतो, अडलेले भाग शेवटी पुन्हा पुन्हा वाचतो. मग दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर.

बोर्ड बदलण्याबद्दलही एक शब्द. पूर्वी त्याच मॉडेलचा बोर्ड बसवला की डिस्क चालायची. आता बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एका डिस्कचीच मोजमापं साठवलेली असतात, ती चिप हलवल्याशिवाय परका बोर्ड सहसा चालत नाही.

“नवी डिस्क दिसत नाही, म्हणजे खराब निघाली”

बहुतेकदा ती फक्त कोरी असते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज केली, विभाग पाडला आणि फॉरमॅट केली की दिसते. दोन टेराबाइटपेक्षा मोठी असेल तर जीपीटी निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीत त्यापलीकडची जागा वापरता येत नाही. मात्र जुनी, भरलेली डिस्क लावल्यावर विंडोजने इनिशियलाइज करू का विचारलं, तर नाही म्हणा. तो प्रश्नच धोक्याची सूचना आहे.

एम डॉट टू एसएसडी घेताना खाच बसली म्हणजे चालेलच असं नाही. एकाच आकारात साटा आणि एनव्हीएमई हे दोन वेगळे प्रकार येतात. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत कुठला स्लॉट काय घेतो ते पाहा. काही बोर्डांवर एम डॉट टू भरला की एखादा साटा पोर्ट बंद होतो आणि जुनी डिस्क अचानक गायब झाल्यासारखी वाटते. एक टेराबाइटच्या डिस्कवर ९३१ दिसतात, यात फसवणूक नाही: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

“लॅपटॉप गेला तरी डिस्क काढून केसिंगमध्ये घालू”

दहा वर्षांपूर्वी हे खरं होतं. आजच्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळदा एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, मालकाला पत्ताही नसतो. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच उघडून कागदावर उतरवून ठेवा. काही लॅपटॉपांत तर स्टोरेज बोर्डालाच डकवलेलं असतं, काढायला डिस्क नसतेच. ऑफिसच्या लॅपटॉपला हातही लावू नका, तो आयटी विभागाकडे द्या.

“फॉरमॅट केलं, आता विकायला हरकत नाही”

क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच राहतात. हार्ड डिस्क विकण्याआधी विंडोजचं पूर्ण फॉरमॅट करा. व्हिस्टापासून ते सगळीकडे शून्यं लिहितं, आणि आजच्या डिस्कसाठी एकदा लिहिणं पुरतं. सात-सात वेळा पुसण्याची गरज नाही. एसएसडीसाठी बनवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममधलं सिक्युअर इरेज वापरा. एसएसडी डीफ्रॅग करण्याच्या फंदात पडू नका; विंडोज तिला रिकाम्या जागांची माहिती ट्रिमने स्वतःच देत राहतं. त्याच ट्रिममुळे एसएसडीवरून चुकून उडवलेली फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी असते.

जुने फोटो एसएसडीत भरून ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवणाऱ्यांनी एक मानक ठाऊक करून घ्यावं. जेडेक या संस्थेच्या नियमानुसार, लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंशांवर एक वर्ष मजकूर टिकवावा एवढीच अपेक्षा असते. नवी एसएसडी त्याहून खूप जास्त टिकवते, पण मे महिन्यातलं चेन्नईचं बंद कपाट ३० अंशांवर नसतं.

“दोन डिस्क रेडमध्ये आहेत, बॅकअप कशाला?”

दोन्ही डिस्कवर एकच मजकूर लिहिणारं रेड त्यांतली एक बंद पडल्यावर काम चालू ठेवतं. फाइल उडवली तर ती दोन्हींवरून उडते, व्हायरस दोन्हींवर बसतो, आणि पाणी एकाच डब्यात ठेवलेल्या दोन्ही डिस्कना सारखंच बुडवतं. एक प्रत जवळ, एक वेगळ्या यंत्रावर आणि एक वेगळ्या ठिकाणी, असा हिशेब ठेवा. शोळिंगनल्लूरच्या तळमजल्यावर राहणाऱ्याला वेगळं ठिकाण म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी, गावाकडचं घर किंवा क्लाउड. गणपतीला गावी जाताना एक भरलेली डिस्क नेऊन तिथेच ठेवली तर ऑक्टोबरचा पाऊस येण्याआधी काम झालेलं असतं. नेण्यापूर्वी तिच्यातल्या दहा-वीस फाइल दुसऱ्याच कंप्युटरवर उघडून बघा.