बिबट्या, तिवर आणि अळंबी

कांदिवलीच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या, पश्चिमेला चारकोपच्या खाडीतला तिवर आणि पावसात कुजक्या ओंडक्यावर उगवणारी अळंबी. तिघांच्याही पेशींत पटलाने वेढलेले केंद्रक असते, म्हणून तिघेही दृश्यकेंद्रकी सजीव.

जुन्या वर्गीकरणात अळंबीची जागा वनस्पतींत होती. जनुकांची तुलना सुरू झाली आणि थक्क करणारे नाते पुढे आले: अळंबी तिवरापेक्षा बिबट्याला जवळची!

नामकरण मात्र अजून जुन्याच वाटणीवर चालते. प्राण्यांची आंतरराष्ट्रीय संहिता वेगळी. वनस्पती, बुरशी आणि शैवाल यांची वेगळी. दोन्हींचा पाया लिनियसच्या ग्रंथांत आहे, वनस्पतींसाठी १७५३चा आणि प्राण्यांसाठी १७५८चा. युग्लिनासारख्या एकपेशीय जीवांवर तर दोन्ही संहिता हक्क सांगतात.

नवी प्राणिजात जाहीर करताना तिचे वर्णन प्रसिद्ध करावे लागते आणि प्रमाण नमुना नेमावा लागतो. ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये एका शोधनिबंधात ‘इसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. २६/११च्या हल्ल्यात कसाबला पकडताना शहीद झालेले पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ ते दिले आहे. त्याच शोधनिबंधातली दुसरी जात, ‘फिंटेला चोळकेई’, गोरेगावच्या आरे वसाहतीत सापडली.