टक् झालं, बार झाला नाही

चाप ओढला, घोडा पडला, ‘टक्’ असा आवाज आला आणि बार झालाच नाही, तर पुढची तीस सेकंदं काहीही करायचं नसतं. पिस्तूल तसंच धरायचं, नळीचं तोंड निशाणाकडे ठेवायचं आणि थांबायचं. क्वचित काडतुसाच्या तळातला प्रायमर मंद पेटतो आणि दारू उशिरा धरते. तेवढ्यात काडतूस बाहेर काढलं तर ते उघड्यावर, हाताजवळ फुटेल. ओहायोतल्या आमच्या क्लबात घरी भरलेली काडतुसं वापरणारे बरेच आहेत, पण तीस सेकंदं पूर्ण थांबणारे थोडे.

एक मुलगा मात्र थांबला. त्याने डावा हात वर केला आणि पिस्तूल जराही हलवलं नाही. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या कोल्हापूरचा तो, तिथेच पॉइंट टू टू पिस्तुलावर तयार झालेला. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पंचवीस मीटरच्या प्रकारात काडतूस उडालं नाही, तर पिस्तूल न उघडता मोकळा हात वर करून पंचांना कळवायचं असतं. ती सवय त्याच्या अंगात मुरली आहे. पण पॉइंट टू टूच्या काडतुसात पेटणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच असतं. ते एकदा उडालं की फेकून द्यायचं, पुन्हा भरता येत नाही. त्यामुळे प्रायमर नावाची वेगळी, बदलता येणारी वस्तू त्याने अमेरिकेत येऊन नऊ मिलिमीटरची काडतुसं स्वतः भरायला घेतली तेव्हाच पहिल्यांदा हाताळली. त्याला कॅम्प पेरीला उतरायचं आहे. लेक ईरीच्या काठावर १९०७ पासून भरणाऱ्या त्या राष्ट्रीय स्पर्धांत जलद फेरीत दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात. त्यातली एक अडली की सगळी लय मोडते.

“काका, प्रायमरच खराब निघालेत. दुसऱ्या कंपनीचे घेतो,” तो म्हणाला.

सगळे आधी हेच म्हणतात, आणि मला ते पटत नाही. कारखान्यातून निघालेला प्रायमर मुळातच मेलेला असणं फार दुर्मीळ. बोटाचं तेल लागून मेला असेल, असंही क्लबात सहज बोललं जातं. पण आतल्या मिश्रणावर कागदी पापुद्रा आणि लाखेचा थर असतो, नुसत्या स्पर्शाने तो मरत नाही. कंपनी बदलण्याआधी न उडालेलं काडतूस नीट बघावं.

त्यातही आधी आवाजाची खात्री करून घ्यायची. कोरडा ‘टक्’ असेल तर प्रायमर पेटलेलाच नाही. ‘फट्’ असा दबका आवाज असेल तर गोष्ट निराळी आणि जास्त भयंकर. पुंगळीत दारू पडलेली नसते किंवा फार कमी असते, आणि एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटते. काडतूस अडलं की स्लाइड ओढून लगेच पुढचं चढवायचं, ही शिकवण स्वसंरक्षणासाठी ठीक असेल. सरावाच्या मैदानावर, घरी भरलेल्या काडतुसांसाठी ती मला मान्य नाही. दबका आवाज आला की पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्याचा आवाज कोरडा होता. काडतूस काढून पाहिलं तर प्रायमरच्या मधोमध खड्डा होता, पण उथळ. तेच काडतूस पुन्हा चढवलं आणि दुसऱ्या ठोक्याला ते उडालं. प्रायमर मेलेला असता तर दुसऱ्यांदाही उडाला नसता. म्हणजे पहिल्या ठोक्याची ताकद दुसरीकडेच खर्च झाली होती.

हे समजायला प्रायमरच्या पोटात डोकवावं लागतं. अमेरिकेत चालतो तो बॉक्सर पद्धतीचा प्रायमर, वूलिचच्या शस्त्रागारातल्या एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याचा. अमेरिकेच्या हायरम बर्डनची पद्धत मात्र युरोपात रुजली. दोन्हीची पेटंटं १८६६ च्या सुमाराची. बॉक्सरच्या प्रायमरमध्ये धातूची इवलीशी वाटी, तिच्या तळाशी लेड स्टिफ्नेटवर आधारलेलं मिश्रण आणि त्यावर पाय पसरून बसलेली ऐरण असते. फायरिंग पिन वाटीला बाहेरून ठोकते, मिश्रण वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडलं जातं आणि ठिणगी उडते. मात्र ऐरणीचे पाय पुंगळीतल्या खाचेच्या तळाला घट्ट टेकलेले हवेत. ते अधांतरी राहिले तर पहिला ठोका प्रायमरला पुढे ढकलून जागेवर बसवण्यातच संपतो आणि दुसरा ठोका त्याला पेटवतो. म्हणून प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा किंचित आत, एका कागदाच्या जाडीइतका खोल बसलेला असावा लागतो.

मग आम्ही अदलाबदल केली. त्याची काडतुसं माझ्या पिस्तुलात घातली, सगळी उडाली. कारखान्याची काडतुसं त्याच्या पिस्तुलात घातली, तीही सगळी उडाली. तो गोंधळला. काडतूस निर्दोष आणि पिस्तूलही निर्दोष, मग अडतंय कुठे?

मला हा टप्पा सगळ्यात आवडतो, कारण एकच आरोपी शोधायची घाई इथे सोडावी लागते. दोन दोष असे असू शकतात की दोघेही एकेकटे निभावून जातात आणि एकत्र आले की काम बिघडवतात.

पिस्तुलातला दोष विचारल्याबरोबर सापडला. ते जुन्या बाजारात घेतलेलं होतं आणि आधीच्या मालकाने चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची स्प्रिंग बदलली होती. चाप लोण्यासारखा झाला, पण ठोका अशक्त झाला. नीट बसलेला प्रायमर तेवढ्यात पेटतो, वर राहिलेला पेटत नाही.

काडतुसांमधला दोष शोधायला जास्त वेळ लागला. टेबलावर काच ठेवून त्याची काडतुसं तळावर उभी केली. बहुतेक ताठ राहिली, काही डुगडुगली. तळावरून बोट फिरवलं तर डुगडुगणाऱ्यांच्या मधला उंचवटा स्पष्ट लागत होता. ती बाजूला काढून तळावरचे छाप वाचले. जवळजवळ सगळ्यांवर वर्तुळातला क्रूस होता, नाटोची खूण. मैदानावरून गोळा केलेल्या पुंगळ्यांत या लष्करी पुंगळ्या मिसळल्या होत्या. लष्करी काडतुसात प्रायमर निसटून यंत्रणेत अडकू नये म्हणून त्याच्याभोवतीची पितळेची कड ठोकून आत वळवतात. जुना प्रायमर काढला तरी ती कड राहते आणि नवा तिच्यावर अडतो. काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा पुढे ढकलताना हाताला जोर लागतो, तो जोर म्हणजेच प्रायमर बसला असं वाटतं, पण प्रायमर वरच राहिलेला असतो. अनेक टप्पे एका दमात करणाऱ्या प्रेसवर हे कळणं आणखी अवघड, कारण त्याच दांड्यावर बाकीची कामंही चाललेली असतात. हातात धरून प्रायमर बसवायचं साधं अवजार मला अजून प्रिय आहे ते याचसाठी.

ताडून पाहायला आम्ही दारू आणि गोळी न घालता नुसते प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या घेतल्या. काहींत पूर्ण खोल बसवले, काहींत मुद्दाम वर ठेवले. डोळ्यांवर चष्मे चढवून आणि कानांत बोळे घालून मैदानावरच त्या झाडल्या. त्याच्या पिस्तुलात खोल बसलेले पेटले, वर राहिलेल्यांतले काही अडले. जुनी, पूर्ण ताकदीची स्प्रिंग घातल्यावर वर राहिलेलेही पेटले.

“मग स्प्रिंगच बदलतो. पुंगळ्या निवडत बसायला नको,” तो म्हणाला.

“तू दोन्ही कर.”

हे मी जरा कडकपणे म्हणालो. जोरदार स्प्रिंगने वर राहिलेला प्रायमर पेटतो, पण तो वर राहिलेलाच असतो. आणि तळाबाहेर डोकावणारा प्रायमर स्लाइडच्या तडाख्याने चाप न ओढताही पेटू शकतो. न उडणाऱ्या काडतुसापेक्षा नको तेव्हा उडणारं काडतूस शंभरपट वाईट.

आता त्याने वळलेली कड दाबून मोकळी करायचं अवजार घेतलंय आणि क्रुसाच्या पुंगळ्यांचा डबा वेगळा केलाय. भरून झालेल्या काडतुसांतले उंच प्रायमर प्रेसवर पुन्हा दाबायचा मोह त्याला झाला होता, तो मी मोडून काढला. वर दारू आणि गोळी असताना प्रायमरवर जोर द्यायचा नसतो. ती एकेक करून हातोडीसारख्या पुलरमध्ये घालून उघडायची, दारू वेगळी करायची, गोळ्या परत वापरायच्या. काम कंटाळवाणं आहे. शनिवारी तो येतोय, अर्धी मी उघडून देणार आहे.